माल्टातल्या गोझो बेटाच्या ब्लू होलला, खडकातल्या त्या डाइव्हिंगच्या खोल डोहाला, पहिल्यांदा जातोयस तर

अरे, तारकर्लीत दोन डाइव्ह झाल्या म्हणून माल्टातही तसंच असेल असं धरू नकोस. तिकडे पाणी गढूळ असलं की आपण आपोआप जपून असतो, इथे तळ लख्ख दिसतो आणि तिथेच फसायला होतं, अजून जरा खाली, अजून जरा खाली करत नवशिक्यांची 18 मीटरची मर्यादा कधी ओलांडली कळतही नाही, त्यामुळे मनगटावरच्या, खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे बघत राहा. पण खरी परीक्षा पाण्याच्या आधीच, पाठीवर टाकी घेऊन धारदार चुनखडीवरून उतरायचं, जाड तळव्याचे बूट हवेतच. आणि कुठेही हात टेकू नकोस. मी एकदा कपारीला धरलं, तिथे फायरवर्म होता, केसाळ सुरवंटच म्हण, दोन दिवस बोटं चुरचुरत होती.

8 मार्च 2017 ला कोसळलेल्या अझूर विंडोचे, म्हणजे समुद्रातल्या दगडी कमानीचे, अजस्त्र दगड बाहेरच पाण्यात पडलेत, ते बघ, पण इन्स्ट्रक्टरबरोबर.

फ्रीडाइव्हिंगची, म्हणजे टाकीशिवाय श्वास रोखून बुडी मारायची खाज आहे ना, मग ते वेगळ्या दिवशी. टाकीवाल्या डाइव्हनंतर लगेच श्वास रोखून खाली जायचं नाही, टाकीतल्या हवेतला नायट्रोजन अंगात साठलेला असतो, त्याचे बुडबुडे होऊ शकतात. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नकोस, कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासाच वाटत नाही आणि वर येता येता शुद्ध जाते. एकटा तर अजिबात नाही, एक खाली तर दुसरा वरून बघतोय असंच.

त्याच नायट्रोजनमुळे परतीचं विमानही शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तासांनी.