फ्रान्समधली सामान्य माणसं राजेशाहीवर का उलटली?

पाव महागला, करांचं ओझं गरिबाच्याच डोक्यावर राहिलं आणि शेवटी खुद्द राजाच पळून जाताना सापडला, म्हणून. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीनं उभं पीक झोडपलं. एरवी ८-९ सूला (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) मिळणारा चार पौंड वजनाचा पाव पुढच्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये साडेचौदा सूवर गेला; मजुराची दिवसाची कमाई साधारण २० ते ३० सू. घरात चार तोंडं असली की निम्म्याहून जास्त मजुरी पावातच जायची. त्यात मिठावरचा 'गाबेल' कर: उत्तरेकडच्या बऱ्याच प्रांतांत आठ वर्षांवरच्या प्रत्येकाच्या नावानं दरसाल ठरावीक मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागे, गरज असो वा नसो. सरदार आणि धर्मगुरू मात्र 'ताय' या मुख्य करातून मोकळे! १७८९ साली गावोगावी लिहिलेल्या तक्रारवह्यांत ही गाऱ्हाणी सापडतात.

मात्र त्याच वह्यांत राजाविषयी निष्ठाही आहे. तेव्हा राग होता तो सरदारांवर आणि करवसुलीच्या मक्तेदारांवर. सोळाव्या लुईवरचा विश्वास खरा उडाला जून १७९१ मध्ये, तो वेश पालटून निसटताना वारेन या गावी पकडला गेला तेव्हा. सव्वा वर्षात, सप्टेंबर १७९२ मध्ये, राजेशाही रद्द झाली.