वाचक विचारतात: डबा का आंबतो आणि पांढरा रस्सा का फुटतो?

मुलगा शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतो. मी सकाळी साडेसहाच्या एस.टी.त डबा ठेवते. गाडी दहाच्या सुमारास कोल्हापूरला पोचते, पण मुलगा तास संपल्यावर दोन वाजता डबा घेतो. आठवड्यातनं दोनदा तरी ‘आई, आंबलं’ म्हणून फोन येतो. पहाटे उठून ताजं करते, तरी का आंबतं?
– एक आई, चंदगड तालुका

ताई, ताजं असण्यात काही चूक नाही, गरम भरण्यात आहे. वाफाळती भाजी भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि झाकणावरनं थेंब थेंब परत भाजीत पडतं. शिवाय बंद डब्यातली भाजी निवत नाही, तासन्‌तास कोमट राहते. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना नेमकी हीच ऊब लागते. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते वाढतात, आणि कोमट अन्नात सगळ्यात भराभर. त्यामुळं अन्न एकतर कढत असावं नाहीतर पूर्ण निवलेलं. मधलं नको.

भाजी चुलीवरनं उतरवली की परातीत पातळ पसरा आणि वीस मिनिटं पंख्याखाली ठेवा. बोटाला गार लागली की मगच भरा. भाकऱ्या एकावर एक रचू नका, दुरडीत सुट्या ठेवून निववा आणि धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भाकरीला घाम सुटतो, दुपारपर्यंत कडेला चिकट होते. भाकरी दुपारी वातड होत असेल तर पीठ कढत पाण्यानं मळा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा स्वतःचा चिकटपणा नसतो. कढत पाण्यानं पीठ थोडं शिजून फुलतं आणि भाकरी जास्त वेळ मऊ राहते.

आता काय पाठवायचं ते. पातळ आमटी आणि ओलं खोबरं घातलेली भाजी आधी नासते, त्या दोन्ही बंद करा. वरनं पेरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीरही नको. पातळ पिठल्याऐवजी कोरडा झुणका द्या. सुकी मसूर, परतलेली गवार, भेंडी, वांग्याचे काप हे निववून भरलं तर दुपारपर्यंत नीट राहतं. तेलात परतलेला खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डबीत द्या. सकाळी शिजवलेला भात अजिबात पाठवू नका. तांदळात काही जिवाणूंची बीजं असतात, ती उकळूनही मरत नाहीत आणि कोमट भातात परत वाढायला लागतात. वासावरनं ते कळेलच असं नाही. भात मुलानं खोलीवर लावावा. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, एवढं कुणालाही जमतं.

आणि एक जागा बहुतेक घरांत राहून जाते. झाकणातली रबराची रिंग बाहेर काढून बघा. तिच्या खाचेत कालच्या भाजीचं तेल आणि पिवळट चिकटा बसलेला असतो. डबा लखलखीत घासला तरी आंबूस वास तिथनंच येतो. रिंग आठवड्यातनं दोनदा काढा, खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा, जुन्या ब्रशनं घासा आणि उन्हात वाळवा. ओली रिंग परत बसवू नका. मुलालाही ताकीद द्या: जेवल्यावर डबा निदान विसळून परत पाठवायचा. खरकटा डबा बंद होऊन रात्रभर राहिला की दुसऱ्या दिवशीच्या भाजीला विरजण तयारच असतं!

राहिले दहा ते दोन हे चार तास. तिथं स्वयंपाकघरातनं काही करता येत नाही. मुलाच्या खोलीवर सकाळी तास नसलेला कुणीतरी असतोच, त्याला डबा आणायला सांगा आणि बदल्यात एक भाकरी जास्त घाला. तेही जमत नसेल तर डबा दुपारी पोचणाऱ्या गाडीत ठेवा. पिशवीवर नाव, फोन नंबर आणि ‘कोल्हापूर सीबीएस’ (मध्यवर्ती बसस्थानक) मार्करनं लिहा. नाडी लाल किंवा हिरवी घ्या, म्हणजे एकसारख्या दहा डब्यांत आपला लगेच दिसेल.

राजारामपुरीत आम्ही चौघं खोली करून राहतो. स्वयंपाक आळीपाळीनं करतो. दर महिन्याला कॉन्ट्री काढताना वाद होतात. एक जण शनिवार-रविवार गावाला जातो, तो सारखे पैसे द्यायला तयार नाही. हिशोब कसा ठेवावा?
– बी.कॉम.चा विद्यार्थी

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खर्चाचे दोन भाग करा. भाडं, लाईट बिल, वायफाय हा खोलीचा खर्च. माणूस गावाला गेला म्हणून घरमालक भाडं कमी करत नाही, तेव्हा तो चौघांत सारखा. किराणा, दूध, भाजी, गॅस हा चुलीचा खर्च. तो मेसच्या पद्धतीनं, खाडे धरून वाटायचा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकानं आपल्या खाड्यावर स्वतःच्या नावाचं अक्षर लिहायचं. महिनाअखेर हजेरी मोजायची. समजा 30 दिवसांच्या महिन्यात हजेरी 30, 30, 26 आणि 22 अशी आली. बेरीज 108. चुलीचा खर्च 6,480 रुपये झाला तर एका दिवसाचे 60 रुपये पडले. मग वाटण्या 1,800, 1,800, 1,560 आणि 1,320. सरसकट चार भाग केले असते तर प्रत्येकी 1,620 आले असते, म्हणजे गावाला जाणाऱ्याला 300 रुपये फुकट पडले असते. तो चिडतो ते या तीनशेपायी.

ही पद्धत दोन ठिकाणी बिघडते. खाडा आदल्या रात्री सांगायचा असतो. कुकर लावल्यावर ‘मी बाहेर खाल्लं’ म्हणणाऱ्याची हजेरी लागलीच पाहिजे. आणि पाहुणा ज्याचा, हजेरीही त्याचीच. भाऊ दोन दिवस राहून गेला तर त्या दोन दिवसांचे 120 रुपये भावाच्या भावानं द्यायचे.

पैसे नंतर गोळा करू नका. एक तारखेला प्रत्येकी 1,500 एका डब्यात किंवा एकाच्या खात्यात टाका आणि सगळी खरेदी त्यातनंच करा. प्रत्येकानं आपापल्या फोनवरनं पैसे भरले की ‘परवाचं दूध मीच आणलं’ची भांडणं सुरू होतात. खजिनदार दर महिन्याला बदला.

लाईट बिलाचा वाद असेल तर आधी गिझरकडं बघा. 2,000 वॅटचा गिझर प्रत्येकासाठी पंधरा मिनिटं चालला तर चौघांचा रोज एक तास होतो, म्हणजे रोज 2 युनिट आणि महिन्याला 60. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटचा दर कमी असतो, त्यावरच्या युनिटला दर चढतो. आंघोळी लागोपाठ उरका, म्हणजे टाकी परत परत तापवावी लागत नाही.

परीक्षा संपल्यावर खोलीवर पाच जणांसाठी तांबडा-पांढरा करायचाय. मागच्या वेळी पांढरा रस्सा पिवळा झाला आणि वर फुटलासुद्धा. काय चुकलं?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, शाहूपुरी

पिवळा झाला तो हळदीनं. मटण लावताना सवयीनं चमचाभर हळद घातली की अळणी पाणीच पिवळं उतरतं, मग नारळ कितीही ओता. पाच जणांना एक किलो मटण पुरे. त्याला मीठ आणि दोन मोठे चमचे आलं-लसणाची पेस्ट चोळून तासभर ठेवा. हळद घालायचीच तर चिमटीच्या टोकावर मावेल इतकीच. कुकरमध्ये थोड्या तेलात एक कांदा परता, मटण टाका आणि दहा मिनिटं त्याच्याच पाण्यात शिजू द्या. मग दीड लिटर कढत पाणी ओता. पाच-सहा शिट्ट्यांनंतर एक तुकडा दाबून बघा, कच्चा असेल तर आणखी दोन. पाणी गाळून घ्या. हे झालं अळणी.

पांढऱ्यासाठी दोन मोठे चमचे खसखस तासभर गरम पाण्यात भिजवा. दहा-बारा काजू आणि एक चमचा पांढरे तीळ घालून गंधासारखं बारीक वाटा. खसखस भरड राहिली तर रस्सा जिभेला वाळू लागल्यासारखा लागतो. मिक्सर नसेल तर घरमालकीणबाईंकडं मागा, बदल्यात वाटीभर रस्सा द्यावा लागेल एवढंच. पातेल्यात चमचाभर तूप, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, दहा मिरी, तीन वेलदोडे आणि उभ्या चिरलेल्या तीन हिरव्या मिरच्या. लाल चटणीचा चमचा या पातेल्याजवळसुद्धा नको. एक लिटर अळणी ओतून उकळा, वाटण घाला आणि पाच मिनिटं शिजवा.

आता फुटण्याचं. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकजीव दिसतात, पण त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं जोरात उकळलं की गोठतात. तेल वर येतं, खाली चोथा. म्हणून एका नारळाचं दोन वाट्या घट्ट दूध सगळ्यात शेवटी घाला. गॅस अगदी बारीक करा आणि सतत ढवळत राहा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. झाकण ठेवू नका, झाकणाखाली उकळी कधी आली ते कळत नाही. फुटलाच तर लगेच उतरवा, दोन चमचे काजूची पेस्ट घालून रवीनं घुसळा, बराचसा जुळून येतो. परत गरम करायचा झाला तर पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा.

तांबड्यात चूक व्हायला फारशी जागा नाही. भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं यांचं वाटण तेल सुटेपर्यंत परता, गॅस बारीक करून तीन चमचे कांदा-लसूण चटणी टाका आणि लगेच उरलेलं अळणी ओता. चटणी तापल्या तेलात अर्धा मिनिट जास्त राहिली की करपते आणि रस्सा कडू होतो.

एका विषयात एटीकेटी लागली. पेपर चांगला गेला होता. वडिलांना कसं सांगू?
– बी.एस्सी. दुसरं वर्ष

आईमार्फत नको. बातमी आईकडनं गेली की वडिलांना एटीकेटीपेक्षा लपवाछपवीचा राग जास्त येतो. रात्री जेवणं झाल्यावर गुणपत्रिका दाखवून सांग. त्याच वेळी पुढची तारीखही हातात असू दे: उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागायची शेवटची मुदत आणि परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत. दोन्ही परिपत्रकात असतात.

छायाप्रत मिळाली की आधी अक्षर वाचत बसू नकोस. प्रत्येक पानावरचे गुण मांड आणि पहिल्या पानावरच्या बेरजेशी ताडून बघ. मग कुठल्या उत्तराला गुणच दिलेले नाहीत का, पुरवणी जोडलेली आहे का, प्रश्नाचा क्रमांक तुझ्याच हातनं चुकलाय का ते पाहा. बेरीज चुकली असेल किंवा उत्तर तपासायचं राहिलं असेल तर अर्ज जरूर कर. ‘आणखी दोन मिळायला हवे होते’ एवढंच वाटत असेल तर फी वाचव आणि पुढच्या परीक्षेचा अभ्यास सुरू कर.

मैत्रिणींबरोबर जोतिबाच्या खेट्याला, म्हणजे डोंगरावरच्या देवळाला पायी जायचंय. नवी कोल्हापुरी पायताणं घालून चालेल का?
– एम.ए.ची विद्यार्थिनी, मंगळवार पेठ

चालणार नाही. डोंगर शहरापासनं साधारण अठरा किलोमीटर. नव्या पायताणाचा अंगठा आणि पट्टा पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच कातडी सोलतात. घालायचीच असतील तर आठवडाभर आधी रोज रात्री पट्ट्यांना आतनं-बाहेरनं एरंडेल किंवा खोबरेल चोळा आणि रोज तासभर घरातच घालून फिरा. पाण्यात भिजवून मऊ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, चामडं वाळताना आणखी कडक होतं. खेट्याला सरळ जुने बूट घाला आणि पायताणं पिशवीत न्या, वर फोटोपुरती.