काँट्रास्ट गाठीत गेलं म्हणजे गाठ ते खातेय का?

प्रश्न: काकांचा एमआरआय झाला, हातातल्या शिरेतून काँट्रास्ट दिलं होतं. रिपोर्टमधे लिहिलंय गाठ 'एन्हान्स' होतेय. म्हणजे ती औषध शोषून जोरात वाढतेय का?

उत्तर: नाही हो, तसं नाहीये. नेहमीचं काँट्रास्ट गॅडोलिनियम नावाच्या धातूचं असतं आणि ते पेशीच्या आत शिरतच नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, त्यातून ते बाहेर झिरपतं, आसपासच्या पाण्याचा सिग्नल वाढतो म्हणून तो भाग पांढरा दिसतो. थोडक्यात नळ कुठे गळतोय ते कळलं, आत स्वयंपाक काय शिजतोय ते नाही कळलं. शिवाय साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीही एन्हान्स होतात.

स्वयंपाक बघायचा तर पेट स्कॅन, पण त्यात ग्लुकोज आत गेलं एवढंच दिसतं, पुढे त्याचं काय झालं ते नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे, कारण ऑक्सिजन भरपूर असला तरी कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) करत बसतात, हे ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकातच दाखवलं होतं. मधला टप्पा पायरुवेटचा. मग पायरुवेटचं लॅक्टेट होताना एमआरआयमधे दिसावं म्हणून संशोधकांनी काय केलं, कार्बन-13 घातलेलं पायरुवेट (कार्बन-13 म्हणजे कार्बनचाच जरा जड प्रकार, किरणोत्सारी नसतो बरं का) उणे 272 अंशांच्या आसपास गोठवायचं, जोरदार चुंबकात ठेवून मायक्रोवेव्ह सोडायचे आणि मग गरम पाण्याने एका झटक्यात विरघळवायचं. त्या पायरुवेटचा एमआरआयमधला सिग्नल 10,000 पटीहून जास्त वाढतो! ही युक्ती 2003 ची.

पण हा सिग्नल बर्फाच्या गोळ्यासारखा, मिनिटाभरात बराचसा विरून जातो. त्यामुळे सिरिंज तयार झाली की आम्लता, तापमान तपासायचं, धावत पेशंटपर्यंत न्यायची, शिरेत सोडायची, लगेच स्कॅन. पायरुवेट आणि लॅक्टेटची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, त्यामुळे एकाचं दुसरं होताना चक्क दिसतं. माणसांवरचा पहिला अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोत प्रोस्टेट कॅन्सरच्या 31 पेशंटवर झाला, 2013 मधे छापून आला.

मला यातला उपचारांचा भाग सगळ्यात कामाचा वाटतो. औषध लागू पडलं तरी गाठ लहान दिसायला कित्येक आठवडे जातात, लॅक्टेट मात्र त्याआधीच घसरू शकतं. अजून हे मुख्यतः संशोधनातच आहे, काकांच्या रिपोर्टमधे ते नसणारच. त्या एन्हान्समेंटचा पॅटर्न कसा आहे आणि बायोप्सी लागेल का, एवढं डॉक्टरांना विचारा.