दोन खांबांमधल्या तारेचा झोळ काढताना वारा कसा धरायचा?

आधी वारा विसरा. झोळ = wL²/8T; w मीटरमागे वजन, L गाळा (दोन खांबांमधलं अंतर), T ताण. झोळ गाळ्याच्या दहाव्या भागाहून कमी असेल तर कॅटेनरीच्या (लोंबत्या साखळीच्या नेमक्या वक्राच्या) वाटेला जाऊ नका, पॅराबोला पुरतो.

वारा आडवा ढकलतो, वजन खाली ओढतं, त्यामुळे दोन्ही सरळ बेरजेत घालायचे नाहीत: w′ = √(w² + p²); p मीटरमागे वाऱ्याचा जोर, w′ दोन्ही मिळून भार. तार p/w या टॅन्जंटच्या कोनात कलते, दोरीवरची ओली साडी वाऱ्यात एका बाजूला जाते तशी.

खरी गोम ताणात आहे. पँथर कंडक्टर (वीजवाहिनीची अॅल्युमिनियम-स्टीलची तार) घ्या: व्यास 21 मिमी, वजन मीटरला 0.974 किलो. गाळा 300 मीटर, ताण 2000 किलो धरला तर झोळ साधारण 5.5 मीटर. आता चौरस मीटरला 50 किलो वारा: p = 1.05, w′ = 1.43, कल 47 अंश. इथे बरेच जण T तोच ठेवतात आणि 8 मीटर उत्तर काढून मोकळे होतात. पण तार ताणली जाते, T वाढतो. लवचिकतेचं त्रिघाती समीकरण सोडवलं (तापमान तेच, EA, म्हणजे तारेचा लवचिकता गुणांक × छेदाचं क्षेत्रफळ, सुमारे 21 लाख किलो) की T येतो 2575 आणि तिरका झोळ 6.3 मीटर. त्यातला उभा भाग फक्त 4.3, म्हणजे तार आधीपेक्षा वरच! आडवी मात्र 4.6 मीटर सरकली. शेजारच्या झाडाचं अंतर या आकड्यावरून तपासा.

हे समीकरण सोडवायला एक्सेलचं गोल सीक (हव्या उत्तरावरून अज्ञात आकडा शोधणारी सोय) पुरेसं आहे.