देणगी दिली म्हणजे केलेलं नुकसान माफ होतं का?

प्रश्न: आमच्या संस्थेला एक उद्योगपती दरवर्षी भरपूर देणगी देतात, पण त्यांच्याच कारखान्याच्या सांडपाण्याने नदीची वाट लागलीय. मी विषय काढला की सहकारी म्हणतात त्या पैशावर एवढी मुलं शिकतायत, गप्प बस ना. माझं चुकतंय का?

उत्तर: अजिबात नाही. मुलं शिकतायत हे खरंय आणि ते चांगलंच आहे, पण ज्यांच्या पोटात ते पाणी गेलं त्यांना यातून काय मिळालं सांगा. पैसे कुणाला द्यायचे ते देणारा ठरवतो, ज्याचं नुकसान झालं त्याला कुणी विचारतच नाही, हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र झालं.

अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचं बघा. त्याच्या पैशातून अडीच हजारावर लायब्रऱ्या झाल्या, त्यातल्या कितीतरी आजही चालू आहेत. पण १८९२ मध्ये अमेरिकेत होमस्टेडला त्याच्या पोलाद कारखान्यात पगारकपातीवरून वाद पेटला, बाहेरून हत्यारबंद माणसं आणली, गोळीबारात दोन्हीकडची माणसं मेली आणि शेवटी युनियन मोडली. मग १८९८ ला तिथेच कामगारांसाठी त्याची लायब्ररी उघडली, आता जो माणूस दिवसाचे बारा तास भट्टीसमोर उभा आहे तो पुस्तक उघडणार कधी? त्याने लायब्ररी मागितलीच नव्हती हो, त्याने पगार मागितला होता!

आणि देणगीने नावाला जी झळाळी येते ना, ती मला जास्त घातक वाटते. सॅकलर कुटुंबाच्या पर्ड्यू फार्मा या अमेरिकन औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे पेनकिलर व्यसनाचा धोका कमी सांगून विकलं, २००७ मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूलही केला, तरी न्यूयॉर्कच्या मेट या कलासंग्रहालयातल्या दालनांवरून देणगीमुळे लागलेलं सॅकलर हे नाव उतरायला २०२१ उजाडलं.

पैसे परत करा असं मी म्हणणार नाही, त्यात मुलांचंच नुकसान आहे. पण भिंतीवर नाव नको आणि गप्प बसायची अट तर मुळीच नको, लेखी नसली तरी ती अट तुमचे सहकारी आत्ताच पाळतायत, मला त्याचंच वाईट वाटतं. आधी सांडपाणी थांबवा, नदीकाठच्यांची भरपाई करा, त्यानंतर जे द्याल त्याला दान म्हणू, हे त्या उद्योगपतींना तोंडावर सांगायला हवं. पुढच्या मीटिंगला नदीकाठची चार माणसं बोलवा आणि त्यांना काय हवंय ते त्यांनाच विचारा.