हॉस्पिटलचा आणि हवामान बदलाचा काय संबंध?

उष्माघात, डेंग्यू वाढतात हे कळतं, पण हॉस्पिटलमुळे हवामान बिघडतं म्हणजे काय, असं विचारलंय तुम्ही. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे या पापात माझाही थोडा वाटा आहेच.

जगातल्या ग्रीनहाऊस वायूंपैकी साधारण ४ ते ५ टक्के आरोग्यसेवेतून येतात. लोकांना वाटतं एसी आणि जनरेटर, बास. ते आहेच, ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली, हवा तासाला २० वेळा तरी बदलावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी रात्री ओटी रिकामी असली तरी ते एसीचं धूड चालूच असतं. पण त्याहून मोठा वाटा औषधं, ग्लोव्हज, एकदा वापरून फेकायचं सामान हे सगळं बनवण्यात आणि इकडून तिकडे नेण्यात आहे.

आता आमचं खातं. भुलेचा गॅस पेशंटच्या अंगात फारसा खर्च होतच नाही, श्वासातून जवळपास तसाच बाहेर येतो, मशीनची नळी तो ओढून घेते आणि नळीचं दुसरं तोंड कुठे, तर बिल्डिंगच्या बाहेर! त्यात डेसफ्लुरेन सगळ्यात वाईट. निळा व्हेपोरायझर (द्रवाची वाफ करून देणारं भांडं) असतो त्याचा, २३ डिग्रीच्या आसपासच उकळतं म्हणून तो विजेवर चालवावा लागतो. १०० वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट उष्णता धरून ठेवतं. सेव्होफ्लुरेन हा भुलेचा दुसरा गॅस त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही आणि बहुतेक केसेस त्यावर मस्त होतात. युरोपियन युनियनने २०२६ पासून डेसफ्लुरेन अगदीच गरज असेल तिथेच वापरा असा नियम केलाय, मला तरी पटला.

दम्याच्या स्प्रेवाल्या पंपातही असाच गॅस असतो, पावडरवाल्यात नसतो. पण हे वाचून स्वतःच पंप बदलू नका हं, लहान मुलांना आणि जोराचा अटॅक आलेल्याला पावडर नीट ओढता येत नाही. डॉक्टरांना विचारा.

आणि नायट्रस ऑक्साइड, भुलेत वापरायचा आणखी एक गॅस, तोही ग्रीनहाऊस वायूच. मी पूर्वी जिथे होतो तिथे आम्ही ते वापरणं जवळपास सोडलं होतं, तरी सिलिंडर संपतच होते. कोण वापरतंय म्हणून सगळे एकमेकांकडे बघतोय. शेवटी एका रविवारी, एकही केस नसताना, टेक्निशियनने संध्याकाळी आणि सकाळी मॅनिफोल्डचं (मोठे सिलिंडर पाइपलाइनला जोडतात त्या जागेचं) प्रेशर लिहून ठेवलं. रात्रीत काटा खाली. भिंतीतली पाइपलाइनच गळत होती, किती वर्षं देव जाणे. मग ती लाइनच बंद केली आणि मशीनला छोटा सिलिंडर लावला, तो महिनोन्महिने पुरायचा.