नुसता शून्य बघून बॉक्सर लावू नकोस

प्रिय पोरा,

तुझी टॉप टेन बॉक्सरांची यादी मिळाली. मेवेदर एक नंबर कारण 50-0, म्हणजे 50 जिंकल्या आणि हार शून्य, मार्सियानो दोन नंबर कारण 49-0, टायसन तीन, अली सहाव्या नंबरला कारण तो पाच वेळा हरलाय, आणि शुगर रे रॉबिन्सन यादीतच नाही. यावरून रंकाळ्यावर पोरांशी रात्री दीडपर्यंत भांडलास म्हणे. भांडलास ते बरं केलंस, ह्या वयात असल्या गोष्टींवर जीव तोडून भांडायलाच पाहिजे, पण भांडताना तुझ्या हातात होतं काय? किती वेळा हरला एवढा एकच आकडा बघून तू माणसं वरखाली लावायलास, आणि मला त्याच्यावरच तुझ्याशी बोलायचंय.

आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला हे बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही खरं तर. खासबागेत मैदान बघायला आलेल्या जुन्या माणसांशेजारी एकदा जाऊन बस, कुठला पैलवान मोठा म्हणून विचार. किती कुस्त्या मारल्या हे ते आधी सांगतच नाहीत. जोड कुणाशी लागली होती, समोरचा तेव्हा भरात होता का उतरणीला लागलेला, कुस्ती निकाली झाली का बरोबरीत सोडवली, तिथनं सुरुवात करतात. खंचनाळे 1959 ला पहिले हिंदकेसरी, आंदळकर 1960 ला, आता ह्यात थोर कोण हा वाद गदा मोजून कुणी मिटवलाय का आजवर? हलक्या जोडी घेऊन शंभर कुस्त्या मारलेला पैलवान आपल्याकडं कुणी डोक्यावर घेत नाही. हाच डोळा बॉक्सिंगला लाव.

आता मार्सियानो बघ. 49 फाइट, 49 जिंकल्या, त्यातल्या 43 नॉकआउट, त्याच्या काळजाला आणि त्याच्या उजव्या हाताला माझा मुजरा आहे. 1952 ला फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटशी लढताना तो पहिल्याच राउंडला खाली पडला, मग बाराव्या राउंडपर्यंत तिन्ही जजच्या गुणांच्या कार्डवर मागं राहिला, आणि तेराव्या राउंडला एका ठोशात चॅम्पियन झोपवला. पण वॉलकॉट तेव्हा 38 वर्षांचा होता. आदल्या वर्षी जो लुईसला मारलं तेव्हा लुईस 37 चा, निवृत्त होऊन टॅक्सच्या कर्जापायी परत रिंगमधे उतरलेला. एझर्ड चार्ल्सचा खरा बहर चाळीसच्या दशकात खालच्या वजनात होऊन गेला होता, त्या काळात त्यानं आर्ची मूरला तीनदा हरवलंय. नावं सगळी मोठी आहेत रे, पण मार्सियानोच्या वाट्याला आली तेव्हा कलायला लागलेली. आणि अजून एक लक्षात घे, तेव्हा टायटल फाइट 15 राउंडची असायची. आजच्या 12 राउंडच्या नियमात वॉलकॉटबरोबरची ती फाइट मार्सियानो पॉइंटवर हरला असता, म्हणजे ज्याच्या जोरावर तू त्याला दोन नंबरला बसवलास तो शून्यच राहिला नसता, माणूस तोच, ठोसाही तोच.

मेवेदरचंही तसंच वाचायला शीक. पन्नासावी फाइट कॉनर मॅकग्रेगरशी, जो 2017 ला आयुष्यातली पहिली प्रोफेशनल बॉक्सिंग फाइट लढत होता, ती मोजायची असली तर मोज पण तिला वजन किती द्यायचं ते ठरव. पॅकियाओ 2015 ला मिळाला, त्याच्या आधी 2012 च्या डिसेंबरमधे मार्केझनं त्याला तोंडावर झोपवलेलं सगळ्या जगानं बघितलंय. उलट 2001 ची डिएगो कोरालेसबरोबरची फाइट तू सांगितलीच नाहीस, दोघंही तोपर्यंत न हरलेले, कोरालेस ठोशाला जड, आणि मेवेदरनं त्याला पाचदा खाली पाडलं. मेवेदर थोर का, ह्याचं उत्तर 50 ह्या आकड्यापेक्षा त्या एका रात्रीत जास्त आहे.

आता अलीच्या पाच हार. फ्रेझर 1971, नॉर्टन 1973, लिऑन स्पिंक्स 1978, होम्स 1980, बर्बिक 1981. लष्करात जायला नकार दिला म्हणून त्याचं लायसन्स गेलं, वयाच्या 25 पासून 28 पर्यंत, म्हणजे हेवीवेटच्या ऐन भरात, तो रिंगबाहेर होता. परत आल्यावर तिसऱ्याच फाइटला समोर तोवर न हरलेला फ्रेझर. त्या पाचातल्या पहिल्या तिघांना त्यानं नंतर परत लढून हरवलंय, फ्रेझर आणि नॉर्टनला तर दोन-दोनदा. शेवटच्या दोन हार 38 आणि 39 व्या वर्षी, अंग साथ देत नसताना, त्या फाइट कुणी होऊच द्यायला नको होत्या असं मला अजून वाटतंय. आणि मधे 1974 ला किन्शासात फोरमन, ज्यानं फ्रेझर आणि नॉर्टन दोघांनाही दोन-दोन राउंडमधे संपवलं होतं, त्याला आठव्या राउंडला नॉकआउट. हा माणूस तुझ्या यादीत टायसनच्या खाली कसा काय येतोय सांग मला.

टायसनवर मी जास्त बोलत नाही, तुझा जीव आहे त्याच्यावर. 20 व्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन, 1988 ला मायकल स्पिंक्सला 91 सेकंदात संपवला. एका रात्रीपुरता सगळ्यात घातक कोण असं कुणी विचारलं तर 1988 चा टायसन फार वर घ्यायला मी तयार आहे. पण पूर्ण करिअर थोर कुणाचं हा वेगळा प्रश्न झाला, आणि तिथं 1990 ला डग्लस, 1996-97 ला होलीफील्ड, 2002 ला लेनॉक्स लुईस, ह्यांच्याकडून खाल्लेल्या हार मोजाव्या लागतायत. तुमच्या कट्ट्यावर अर्धी पोरं एका प्रश्नाचं उत्तर देत होती आणि अर्धी दुसऱ्याच, म्हणून तर दीड वाजले. पुढच्या वेळी तोंड उघडायच्या आधी कुठला प्रश्न चाललाय ते ठरवून घ्या.

आणि आता रॉबिन्सन, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. एकोणीस हार आहेत म्हणून तू त्याला सोडलास ना? नीट बघ त्या हार. 40 फाइट सलग जिंकल्यावर 1943 च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला पहिल्यांदा हरला, जेक ला मोटाकडून, जो त्याच्यापेक्षा सात किलोच्या आसपास जड होता. तीन आठवड्यांत त्याच ला मोटाला परत भिडून जिंकला. दोघं एकूण सहा वेळा लढले, रॉबिन्सननं पाच जिंकल्या, त्यातल्या शेवटच्या, 1951 च्या फाइटनं मिडलवेटचं, म्हणजे मधल्या वजनगटाचं, टायटल मिळालं. त्या पहिल्या हारीनंतर दुसरी हार यायला आठ वर्षं लागली, मधे नव्वदच्या वर फाइट झाल्या, आजच्या चॅम्पियनचं अख्खं करिअर तेवढं नसतंय. ती दुसरी हार लंडनला रँडी टर्पिनकडून, आणि दोनच महिन्यांत न्यूयॉर्कला टर्पिनला थांबवून टायटल परत. तिसरी 1952 ला, लाइट हेवीवेटच्या टायटलसाठी जोई मॅक्सिमशी, हाही सात किलो जड, आणि त्या रात्री न्यूयॉर्कला असा उकाडा होता की रेफरीच आधी कोलमडला आणि दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन कार्डवर पुढं होता, पण चौदाव्या राउंडला स्टुलावरनं उठू शकला नाही. हार आहेच ती, पण तिच्यामुळं माणूस लहान होतोय का मोठा, तूच बघ. आणि एकोणीसपैकी निम्म्याहून जास्त हार 1960 पासून पुढच्या, तो चाळिशीला आला तिथनं पुढच्या. वजन बाजूला ठेवून सगळ्यात भारी बॉक्सर कोण असा हिशोब लोक बोलायला लागले तोच जास्त करून ह्याच्या नावामुळं. वाईट एवढंच की वेल्टरवेटला, मिडलवेटच्या खालच्या गटात, तो ऐन भरात होता तेव्हाचं चित्रीकरण फार थोडं आहे, आपण व्हिडिओत बघतो तो बहुतेक मिडलवेटचा, थोडा पुढच्या वयातला रॉबिन्सन. तरी तोसुद्धा बघ. 1957 ला जीन फुलमरला मारलेला डावा हूक बघ, मागं सरकता सरकता मारलाय.

चॅम्पियनचे बेल्ट मोजायचा नाद तर पहिल्यांदा सोड. आज 17 वजनगट आणि प्रत्येकात चार मोठ्या संघटनांचे चार-चार चॅम्पियन असू शकतात. हेन्री आर्मस्ट्राँगच्या वेळी गट आठ आणि चॅम्पियन शक्यतो एकेक, त्यात त्यानं 1938 ला फेदर, लाइट आणि वेल्टर ही तीन टायटलं एकाच वेळी धरली होती. पॅकियाओची आठ वजनांतली टायटलं मी कमी लेखत नाही, 112 पौंडांच्या फ्लायवेटपासून चढत गेलेला माणूस आहे तो, पण आर्मस्ट्राँगचे तीन आणि त्याचे आठ हे सरळ एकाखाली एक मांडून वजाबाकी करता येत नाही. आणि ज्यांना बेल्टजवळ जाऊच दिलं नाही त्यांचं काय करणार? सॅम लँगफर्ड, हॅरी विल्स, दोघं काळे, दोघांना हेवीवेट टायटलची फाइट कधी मिळालीच नाही. विल्सच्याच काळातल्या डेम्प्सीच्या नावापुढं चॅम्पियन लिहिलंय आणि विल्सच्या नावापुढं नाही, ह्यात गुण-दोष बॉक्सिंगचा कितीसा आहे? तुझ्या यादीत अशा माणसांना जागा नसेल तर ती यादी त्या काळच्या अन्यायावर परत एकदा शिक्का मारतेय.

तू विचारलंस म्हणून माझी यादी सांगतो. एक रॉबिन्सन, दोन आर्मस्ट्राँग, तीन अली, चार हॅरी ग्रेब, पाच दुरान. ग्रेबवर तू नक्की अडवणार मला, कारण त्याच्या एकाही फाइटची फिल्म आज उपलब्ध नाही, मग त्याला कशाच्या जोरावर घ्यायचा? जोडीच्या जोरावर. जीन टनी प्रोफेशनल करिअरमधे एकाच माणसाकडून हरला, 1922 ला, आणि तो माणूस ग्रेब, आणि पुढं ह्याच टनीनं डेम्प्सीला दोनदा हरवलंय. ग्रेबची एका डोळ्याची नजर जात चालली होती तेव्हा. तरी चारच्या वर न्यायला माझं मन होत नाही, न बघितलेल्याला एवढाच मान देऊ शकतो मी. दुरानवर तू 1980 चा नोव्हेंबर काढणार, त्यानं मधेच फाइट सोडून दिली म्हणून, काढ, पण त्याच वर्षीच्या जूनमधे माँट्रियलला त्यानं लेनर्डला 15 राउंड कसं दाबून धरलं ते पूर्ण बघून मग काढ. ऑलिम्पिकवाले ह्यात मिसळू नकोस, स्टीव्हन्सनची तीन गोल्ड किंवा आपल्या मेरी कोमची सहा वर्ल्ड टायटलं ह्यांची वेगळी यादी कर, ती कमी मानाची नाही.

आणि रील बघून मत बनवणं बंद कर रे, अगदी मनापासून सांगतोय. रीलमधे नॉकआउट असतात. विली पेपनं दोनशेच्या वर फाइट जिंकल्यात त्या ठोसा चुकवून, आणि ठोसा चुकवलेला तीस सेकंदांत काय कळणार आहे तुला? कागद घे, कॉमेंट्रीचा आवाज बंद कर, प्रत्येक राउंडला 10-9 लिहीत जा, राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9.

सुरुवात मेवेदर आणि कॅस्टिलोच्या 2002 च्या पहिल्या फाइटनं कर. जजनी मेवेदरला दिली, माझ्या कागदावर कॅस्टिलो 115-113 आहे. तुझा आकडा रविवारच्या आत पाठव, राउंडवार.

तुझा,
वस्ताद